जावक क्रमांक सात

जावक क्र. ७
हर्सूल, छ. संभाजीनगर
दि. ९ जानेवारी २०२५

प्रिय लीलास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

फोन करत जाऊ नकोस. फोनवरचं बोलणं दप्तरी राहत नाही. तहसिलात छत्तीस वर्षं आवक-जावक सांभाळली, आता सख्ख्या बहिणीशी बिननंबरी व्यवहार कशाला?

मला कॅन्सर झाला आहे. घरात हे फक्त मलाच ठाऊक नाही, असं सगळ्यांचं मत आहे. धम्मपाल ‘गाठ’ म्हणतो, सूनबाई मेघा ‘ते’ म्हणते आणि शेजारचे सर्जेराव नुसतेच वर बघतात, जणू माझी खोली तिकडे बुक झाली आहे. गाठ प्रोस्टेटची, म्हणजे ती कुठे आहे हे सांगायचीही चोरी. रिपोर्ट कपाटात साड्यांखाली लपवला होता. मी दुपारी काढून वाचला आणि घडी मोडू न देता परत ठेवला.

रोज सकाळी उपाशीपोटी चार गोळ्या. मेघाने स्वयंपाकघराच्या दाराला वही टांगली आहे. गोळ्या घेतल्या की सही. म्हणजे निवृत्तीनंतर पुन्हा मस्टर आलं, आणि रविवारचीही सुट्टी नाही.

लासूरची थंडी सांभाळ. लोभ आहेच, त्याला स्मरणपत्र लागू नये.

तुझा दादा,
साहेबराव


लासूर स्टेशन
दि. २४ जानेवारी २०२५

आदरणीय दादास,
लीलाचा सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तीनदा पोचलं. ९ तारखेचं, १३ तारखेचं आणि १७ तारखेचं. तिन्हींवर जावक क्रमांक सातच, आणि तिन्हींत सर्जेराव वर बघतात. पहिल्या वेळी मी पोट धरून हसले, दुसऱ्या वेळी टपालखात्याला नावं ठेवली, तिसऱ्या वेळी मला जेवण गेलं नाही. तीस वर्षं शाळेत कॉप्या पकडल्या, पण स्वतःचीच कॉपी करणारा तू पहिलाच.

तिसऱ्या पत्रात खाली आईला जयभीम सांगायला लिहिलं आहेस. दादा, आईला जाऊन एकोणीस वर्षं झाली.

कॅन्सरची तू टिंगल करतोस ते मला आवडतं. पण विसरतोस, हेही डॉक्टरांना सांग. नाहीतर मी मेघाला सांगते. मला भीती वाटते, ती मी हसण्यावारी नेणार नाही.

रागावलास तरी माया कमी करू नकोस.

तुझी,
लीला


जावक क्र. ८
हर्सूल
दि. ३० जानेवारी २०२५

प्रिय लीलास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

मला माहीत आहे. गेल्या दिवाळीपासून माहीत आहे. टी पॉइंटवर रिक्षात बसलो आणि घर कुठलं ते सांगता येईना. शेवटी रिक्षावाल्याला म्हटलं, जेलकडे चल. तो म्हणाला, चच्चा, मिलने जा रहे क्या रहने? जेल दिसलं आणि पुढचा रस्ता आठवला. सरकारी इमारतीचे उपकार.

पण सांगणार नाही. कॅन्सरवाल्याला लोक विचारतात, काय खाणार, कुठं दुखतं. विसरणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. त्याच्या डोक्यावरून एकमेकांनाच विचारतात. डॉक्टर अजून माझ्याकडे बघून बोलतो. कळलं की धम्मपालकडे बघून बोलेल, आणि माझ्या शरीराचं काय करायचं ते माझा पोरगा ठरवेल. ज्याला चाळिशीतही स्वतःचा चष्मा सापडत नाही, तो! माझं मला ठरवू दे. तुला गप्प राहायची विनंती नाही, आदेश आहे.

आदेश पाळून लोभ राखावा.

दादा


हर्सूल
दि. २० फेब्रुवारी २०२५

आदरणीय आत्याबाईंस,
मेघाचा सविनय जयभीम. वि. वि.

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून लिहिते. नानांच्या रक्ताचा आकडा उतरायचा तर वाढला. डॉक्टर म्हणाले, गोळ्या लागू पडत नाहीत, आता सलाईनमधून केमो द्यावी लागेल. या वयाला ती झेपेल का, याची त्यांनाही खात्री नाही. येत्या मंगळवारची तारीख दिली आहे.

काल वही भरली का म्हणून पान उलटलं, तर ३१ मार्चपर्यंतच्या सह्या झालेल्या! गोळ्यांची बाटली जवळजवळ भरलेली. नानांना विचारलं तर शांतपणे म्हणाले, मस्टर असंच असतंय, एक तारखेला महिन्याच्या सह्या मारून मोकळं व्हायचं, तहसीलदारालाही माहीत होतं. आणि मी येडी रोज सही बघून निर्धास्त. यांना वाटतं, नाना हट्टाने औषध टाळतात. बापलेकांत अबोला आहे.

आत्याबाई, मला हा हट्ट वाटत नाही. तुम्हाला त्यांनी काही लिहिलं असेल तर मंगळवारच्या आत सांगा. एवढी माया करा.

तुमची,
मेघा


जावक क्र. ९
हर्सूल
दि. २५ फेब्रुवारी २०२५, दुपारी ३

लीला,
जयभीम.

तू चहाडी केलीस. मला भयंकर राग आला आहे आणि तो विसरायच्या आत लिहून काढतो आहे.

सकाळच्या गाडीने आलीस, दवाखान्यात माझी पत्रं डॉक्टरच्या टेबलावर मांडलीस. पुरावे दाखल करावेत तशी! तो पहिल्या पत्राला हसला, तिसऱ्याला हसला नाही. केमो रद्द. गोळ्या त्याच, पण मेघाच्या हातून, तिच्या समोर गिळायच्या. धम्मपाल तिथेच रडला. अबोला संपला एवढाच तुझा फायदा.

मग डॉक्टरने खुर्ची माझ्याकडे वळवली आणि विचारलं, नाना, कुठपर्यंत लढायचं? मला विचारलं, लीला. धम्मपालला नाही. तिथलं बोलणं दप्तरी राहणार नाही, म्हणून उत्तर इथे लिहितो. आज मी शुद्धीत आहे.

ज्या दिवशी मी मेघाला ‘तू कोण’ म्हणून विचारीन, त्या दिवसापासून कॅन्सरच्या गोळ्या बंद. दुखू द्यायचं नाही, बाकी काही करायचं नाही. धम्मपालला हे जमणार नाही, मेघा त्या दिवसाबद्दल कुणाला सांगणारच नाही. म्हणून हे काम तुझ्याकडे. चहाडीची शिक्षा समज.

खालची सही आजचीच आहे, आगाऊ नाही.

रागासह, पण तुझाच,
साहेबराव


जावक क्र. ७
हर्सूल
दि. १८ नोव्हेंबर २०२५

प्रिय लीलास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

फोन करत जाऊ नकोस. फोनवरचं बोलणं दप्तरी राहत नाही. मला कॅन्सर झाला आहे. घरात हे फक्त मलाच ठाऊक नाही, असं सगळ्यांचं मत आहे. सर्जेराव वर बघतात.

इथे एक बाई आहे. सकाळी गोळ्या देते, गिळेपर्यंत समोर उभी राहते, मग वहीत सही घेते. आगाऊ सही करू देत नाही. आमच्या कचेरीत असती तर कुणाचं चाललं नसतं! काल तिला विचारलं, बाई, तुम्ही कोण? ती पाणी आणते म्हणून आत गेली आणि बराच वेळ आली नाही. आज पुन्हा गोळ्या घेऊन हजर.

माझी पत्रं पेटीत तीच टाकते. उघडून वाचत नाही, माणूस इमानी आहे. तू तिला ओळखत असशील तर कोण ते कळव. नाव माहीत नसताना रोज तिच्या हातचं घ्यायचं, हे बरं दिसत नाही.

आईला जयभीम सांग. लोभ दप्तरी असू दे.

तुझा दादा,
साहेबराव