पुसून घ्या

बाबा, यंदाही शेजारच्या बायकांनी भुलाबाई मांडून तिची गाणी म्हणायला बोलावलं आणि मी डोकं दुखतं म्हणून सांगितलं. आईची गाणी मला येत असतील, असं अकोल्यात सगळ्यांना वाटतं. येत नाहीत. दोन-चार ओळी येतात, त्यांचीही चाल मध्येच सुटते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण हे दिवस आले की तुमचा राग येतो. आज तो कागदावर काढते आहे, हा कागद टपालात टाकायचा नाही तरी.

अमरावतीच्या घरी कम्प्युटरच्या टेबलाशी बसून आईने ती गाणी म्हटली होती, माइक तोंडाशी धरून, लाजत लाजत. तुम्ही ती रिरायटेबल डिस्कवर घेतलीत. साध्या सीडीवर एकदाच भरता येतं, हिच्यावर कितीदाही, म्हणून. पुढे कम्प्युटरमध्ये जागा उरली नाही तेव्हा मूळ गाणी काढून टाकलीत. "सीडीत हायेतच ना," म्हणालात. मग आई गेली. वर्षश्राद्ध झाल्यावर मी डिस्क अकोल्याला आणली, तर आमचा प्लेअर ती घेईचना. नुसता गरगर फिरवायचा आणि थांबायचा. तुमच्या कम्प्युटरवर मात्र ती वाजत होती, म्हणून दुरुस्त करायला ती परत तुमच्याकडे दिली.

तुम्ही हात धुऊन तिच्या मागे लागलात. एके दिवशी फोन आला. "स्पीड कमी केला, बाकी सारं बंद केलं, लेन्सबी साफ केली. तरी डिस्क भरता भरता अर्ध्यात अटकून राह्यली. आता कम्प्युटर म्हणते डिस्क रिकामी नाही." मी म्हटलं, "बाबा, थांबा. कम्प्युटरवाला चौकातच हाय. आधी पुसून घ्या, मंग करा." तुम्ही म्हणालात, "हो, घेतो पुसून."

आपल्या वऱ्हाडात पुसणं म्हणजे विचारणं. तुमचा जन्म ह्याच बोलीत गेला. आईने पडदे बदलले तरी "मले पुसलं काय?" म्हणून तुम्ही घर डोक्यावर घ्यायचात. नेमका त्या दिवशी तुम्हाला ह्या शब्दाचा दुसरा अर्थ आठवला. सगळं पुसायचं का, असं स्क्रीनवर आलं आणि तुम्ही होकार दिलात. वर, डिस्क चालते का बघायला, तिच्यावर तुमचं निवृत्तीच्या निरोपसमारंभातलं भाषण चढवलंत. मी आले तेव्हा खुशीत होतात. "आता कुठीबी वाजते, लावून पाह्य." मी गाण्यांचं विचारलं. तुम्ही म्हणालात, "तूच तं म्हनली, पुसून घ्या." एवढं बोलून जेवायला बसलात. नंतर चौकातला कम्प्युटरवाला मला म्हणाला की भरून झाल्यावर डिस्क कम्प्युटरवरूनच 'बंद' करावी लागते, तेवढीच राहिली होती, म्हणून ती दुसरीकडे वाजत नव्हती; पुसायची गरजच नव्हती. आता वरून दुसरं भरल्यावर काही परत येणार नाही, असंही म्हणाला.

लोकांना सांगताना मी हा शब्दांचा घोटाळा म्हणून सांगते, लोक हसतात. मला तो घोटाळा वाटत नाही. आईचं शिलाई मशीन विकलंत तेव्हा तिला पुसलं नाहीत. माझं लग्न ठरवलंत तेव्हा मला पुसलं नाहीत. दुसऱ्याला विचारायचं असतं, हे तुमच्या कानाला कधी ऐकूच आलं नाही, मग त्या दिवशी फोनवर कसं येणार होतं?

डिस्क माझ्याकडे आहे. आमच्या प्लेअरवर छान वाजते. साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांचे तुम्ही नाव घेऊन आभार मानले आहेत, शेवटी "घरच्यांचेही". ते घरचे म्हणजे आई. एक कबूल करते. दरवर्षी भुलाबाईच्या दिवसांत दार लावून मी ती ऐकते, तुमच्या बोलण्याखाली तिचं काही राहिलं असेल म्हणून. काही नाही राहिलं. तिचा आवाज कसा होता, ते आता मला आठवत नाही. तुमचं भाषण तेवढं पाठ झालं आहे.