ना, हरकत

बोगद्याची वसाहत
ता. ४ फेब्रुवारी

ती. दादास,
भिंगरीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र शिध्याच्या ट्रकबरोबर आलं. इथे फोनला रेंज हवी तर डोंगर चढावा लागतो, आणि दिवसभर डंपर हाकल्यावर पाय नाही म्हणतात. म्हणून पत्रच बरं. माझं अक्षर लागलं नाही तर ताईकडून वाचून घे.

तब्येत ठीक. बोगद्यात एकच गाडी मावते. फोडलेला दगड भरायचा आणि अर्धा किलोमीटर उलटं यायचं. मान वळवून वळवून माझा करकोचा झालाय. मुकादम म्हणतो, रिव्हर्स तुझ्यासारखा कुणाचा नाही. मी म्हटलं, आमच्या पेठेत टॅक्सी चालवून बघा, भाजीच्या दोन हातगाड्यांमधून मागे येणाऱ्याला बोगदा म्हणजे मैदान.

पेठेचा रस्ता कधी उघडतोय ते लिही. साथ ओसरून वर्ष झालं. 'वाहनांस तात्पुरती बंदी' अशी पाटी लावून सिमेंटचे ठोकळे टाकले, तेव्हा ती पाटी मी अक्षरं जुळवून दोनदा वाचली होती. तात्पुरती म्हणजे थोडे दिवस, एवढं मला कळतं. स्टँडवरची तिसरी जागा माझी आहे, आठ वर्षं तिथे उभा राहिलोय. तुझ्या खानावळीतून गिऱ्हाईक जेवून उठलं की तू दारातून नुसती मान हलवायचास आणि मी गाडी चालू करायचो. ते इथे फार आठवतं. तू म्हणशील, याच्या पायाला भिंगरी, हा कुठे टिकतोय. पण त्या जागेवर टिकलो होतो की नाही? रस्ता उघडल्याचं कळव, दुसऱ्या दिवशी निघतो.

माया आहेच, पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा
भिंगरी


ता. १५ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. अक्षर माझं मलाच लागलं, ताईकडे जावं लागलं नाही.

इकडे बरं आहे. आत माणसं बसायला अजून बिचकतात, म्हणून चार टेबलं बाहेर रस्त्यावर टाकलीत. उन्हाला लोक बसतात. ज्या रस्त्यावर हॉर्नमुळे पलीकडची हाक ऐकू यायची नाही, तिथे आता म्हातारी माणसं मधोमध गप्पा मारत चालतात. बस मात्र मोठ्या चौकातूनच वळते. तिथून ताई पिशव्या घेऊन बारा मिनिटं चालत येते आणि थांबा मीच हलवल्यासारखी माझ्यावर डाफरते.

सोबत एक कागद आहे. पालिकेला स्टँडवरच्या पाचही गाडीवाल्यांकडून हवाय. चौघांनी दिला, तुझा राहिलाय. रस्त्याबद्दलच आहे, फार डोकं लावू नकोस. खाली सही करून येत्या ट्रकने पाठव.

जेवणाची हेळसांड करू नकोस. आशीर्वाद पाठीशी आहेतच.

दादा


बोगद्याची वसाहत
ता. २१ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

कागद मिळाला. तू डोकं लावू नकोस म्हणालास, पण मी लावलंच. आतलं सगळं दगड चावल्यासारखं आहे, दोन ओळींच्या पुढे गेलो नाही. पण वर ठळक अक्षरात लिहिलंय ते लगेच कळलं. ना, हरकत. म्हणजे रस्ता कायमचा बंद करायला आमची ना आहे, आणि वर हरकतही आहे. एकदा नाही म्हटलेलं सरकारला ऐकू जात नसेल, म्हणून दोनदा लिहून घेतात. आवडलं मला. इतकी दाबून सही केली की कागद फाटता फाटता राहिला.

चौघांनीही दिली हे वाचून ऊर भरून आला. आमच्या स्टँडवरचा चष्मेवाला तर आयुष्यात कुणाला नाही म्हणाला नव्हता, बायकोच्या भावालासुद्धा. त्याला माझ्याकडून शाबासकी दे. मुकादमाला मी सांगितलं, आमचा दादा खानावळीचं बघून वर आमच्या स्टँडसाठी पण धावतोय. तो म्हणाला, असा भाऊ असताना तू इथे दगड का वाहतोस.

माझं काही चुकलं असेल तर कळव. ट्रक मंगळवारी आणि शुक्रवारी येतो.

तुझ्या मायेतला
भिंगरी


ता. २० एप्रिल

चि. भिंगरीस,
ताईचे अ. आ.

हे पत्र लिहिताना तीन कागद फाडले. रागवायचं असेल तर माझ्यावर आधी रागव, कारण मीही महिनाभर तुलाच शिव्या घालत होते.

पेठेचा रस्ता कायमचा बंद झाला. पाटीवरचं 'तात्पुरती' पुसून नुसतं 'वाहनांस बंदी' ठेवलंय. ठोकळे काढून बाकं बसवलीत. स्टँडचे पिवळे पट्टे खरवडले. तुझ्या तिसऱ्या जागेवर दादाचं मोठं टेबल आलंय, छत्रीसकट.

मी पालिकेत भांडायला गेले. कारकुनाने फाइल काढली आणि तुझी सही दाखवली. म्हणाला, बाई, तुमच्या भावाने स्वतःच ना हरकत दिली आहे. बाळा, ना हरकत म्हणजे आमची काही हरकत नाही, खुशाल करा. मला वाटलं, तू दादाच्या धंद्यासाठी मोठं मन केलंस आणि मला कळवलंही नाहीस. तसं दादाला म्हणाले, तर तो टेबलं पुसायला लागला. परवा त्याच्या गल्ल्यातून सुटे काढताना तुझं पत्र हाती लागलं. शाबासकीचं. तिथेच उभ्याने वाचलं. पाकिटावर २६ फेब्रुवारीचा शिक्का होता, आणि पालिकेच्या फाइलीत तुझा कागद ९ मार्चला आल्याची नोंद आहे.

मी दादाला विचारलं, हे वाचून तू कागद दिलास का. तो गिऱ्हाइकाकडे गेला.

स्वतःला जप. मी आहे.

ताई


बोगद्याची वसाहत
ता. २९ एप्रिल

दादास,
न. वि. वि.

ताईचं पत्र आलं. चूक माझी आहे, ती मी कबूल करतो. 'ना' आणि 'हरकत' या दोन शब्दांत मी नसलेला थांबा घेतला. चष्मेवाल्याला कळलं तर पोट धरून हसेल, हसू दे.

पण माझं पत्र तुला २६ फेब्रुवारीला मिळालं. पाकिटावर पोस्टाचा शिक्का आहे, ताईने बघितलाय. पालिकेत कागद गेला ९ मार्चला. मधे अकरा दिवस होते. तीन वेळा इथे ट्रक आला. तिन्ही वेळा मी डंपर उभा करून पळत गेलो. तुला एकच ओळ लिहायची होती.

इथे सगळ्यांना मी तुझं कौतुक सांगितलंय. आता मुकादम विचारतो, रस्त्याचं काय झालं. मी सांगतो, अजून कळलं नाही.

भिंगरी


ता. १० मे

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

खोटं लिहीत नाही. तुझं पत्र वाचून आधी हसलो. मग खानावळ बंद करून बसलो. तुला कळवायचं ठरवलं, दोनदा लिहायला घेतलं. पण कळवलं असतं तर तू नाही म्हणाला असतास, आणि बाहेरची टेबलं उचलावी लागली असती. दीड वर्ष शटर ओढून बसलो होतो. आत अंतर ठेवून फक्त दोन टेबलं बसतात. त्या रस्त्याने घर तगवलं. आणि मनाची समजूत अशी घातली की तू काही परत येणारा नाहीस. स्टँडवर येण्याआधी वर्षाला एक काम बदलणारा माणूस जागेला काय करणार.

हे बोलायला सोपं आहे, कारण तू समोर नाहीस.

पालिका पाचही जणांना स्टेशनामागे नवी जागा देते आहे. चौघांनी घेतली. सोबत त्याचा अर्ज आहे. प्रत्येक ओळीचा अर्थ मागच्या कोऱ्या बाजूला साध्या शब्दांत लिहिलाय. हवं तर दुसऱ्याकडून वाचून घे. ३१ मेच्या आत पोचला पाहिजे, नाहीतर परवानाच जाईल. एवढं ऐक. रागावलास तरी सही कर.

दादा


बोगद्याची वसाहत
ता. २८ मे

दादास,
न. वि. वि.

अर्ज मुकादमाकडून वाचून घेतला. मग कोठीवरच्या कारकुनाकडून, मग पोस्टाची थैली आणणाऱ्या ट्रकवाल्याकडून. तिघांनी तेच सांगितलं. तू लिहिलंस ते अक्षर न् अक्षर खरं आहे. जागा चांगली आहे असंही ट्रकवाला म्हणाला, त्याला स्टेशन माहीत आहे.

जेवणाच्या सुट्टीत डंपरच्या पायरीवर बसून तीन दिवस सही करायचा प्रयत्न केला. पेन उघडतो, तुझं अक्षर दिसतं, पेन बंद करतो. कारकून म्हणाला, भावावर राग म्हणून स्वतःच्या पोटावर पाय देतोस, शहाणा असशील तर कर. मी शहाणा नाही हे त्याला आता कळलं असेल.

अर्ज कोराच परत पाठवतोय. तो तुझ्याकडे पोचेपर्यंत तारीख उलटलेली असेल. टॅक्सी ताईच्या ताब्यात दे, ती विकेल नाहीतर ठेवेल. पुढचा बोगदा आणखी दोन डोंगर पलीकडे आहे. मुकादम मला तिकडे नेतोय. तिथल्या कामाचा करार माझ्यापुढे आला तेव्हा मी त्याला म्हटलं, याची मला रोज एक ओळ शिकवा, सगळा लागला की सही करतो. सातवी ओळ चालू आहे.

मला शाळा फारशी जमली नाही, याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं. घरात वाचणारा तू होतास.

ताईला पत्र वेगळं लिहितो.

भिंगरी