तीन दिली, तीन घेतली

प्रिय भिंगरी,

आधी त्या सहलीच्या दुपारी घडलं तेवढंच लिहिते. वेळा माझ्या घड्याळातल्या आहेत. ते रोज अर्धं मिनिट पुढे जातं, तेवढा फरक धर.

१. दुपारी दोन दहा. तुझे मास्तर आणि माझा नवरा गॅसची टाकी आणायला आमची गाडी घेऊन गेले. तंबूंपाशी तू, मी आणि तीन मुलं.
२. दोन पंचवीस. भांडी घासून झाली. शिट्टी माझ्या गळ्यात.
३. दोन चाळीस. तू तुमच्या गाडीच्या सावलीत, मागच्या चाकाला टेकून बसलीस आणि झोपलीस.
४. तीन वाजता मुलं तीन. तुझा पैलवान आणि माझा वकील ओहोळात दगडांचं धरण बांधत होते. तुझी मुंगी चटईवर पालथी पडून रंगवत होती.
५. तीन वीस. तू जागी झालीस. शिट्टी तुझ्या गळ्यात. मुलं दोन.
६. तीन एकवीस. तू शिट्टी वाजवलीस.
७. तीन सत्तावीस. पुरुष परत आले. सगळे तळ्याकडे.
८. तीन बेचाळीस. मुंगी पंपघरामागे मला सापडली. डाव्या गुडघ्यावर एक ओरखडा. बाकी काही नाही.

हे आठही मुद्दे खरे आहेत. सहा आठवड्यांत मी ते चार वेळा लिहून काढले आणि दर वेळी आठच झाले. आमच्या कामावर अपघाताचा अहवाल असाच लिहायला शिकवतात: कोणी काय करायला हवं होतं ते लिहायचं नाही, काय झालं तेवढंच. मला वाटायचं, ही पद्धत माणसाला प्रामाणिक ठेवते. आता तसं वाटत नाही.

परवा फोनवर तू हसत हसत म्हणालीस की मुंगीच्या बुटाला घंटी बांधली आहे, घरात मांजर पाळल्यासारखं वाटतं. मीही हसले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की तू पंचवीस मिनिटांत दोनदा "थांब हं" म्हणून उठून गेली होतीस आणि दोन्ही वेळा घंटी वाजतच होती. वाजत असूनही तू बघायला गेलीस. मग तू ते प्रयोगशाळेचं सांगितलंस. सात वर्षांनी नोकरी, तीही आपल्या कामाची, काटे आणि मापं तपासायची. तुझ्या जुन्या साहेबांनी स्वतः बोलावलेलं. आणि तू सोमवारी नकार कळवणार आहेस. म्हणालीस, "जिला स्वतःच्या गळ्यातली शिट्टी कळली नाही, तिच्या हाती कोण मापं देणार गं?" तुझ्या सासूबाई म्हणाल्या म्हणे की पोर लहान आहे, मी आधीपासून सांगत होते. मास्तर आता तुला पाहुण्यांसमोर "आमच्या झोपाळू हवालदारीणबाई" म्हणतात, ते मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे, वकिलाच्या वाढदिवसाला. तू ताटल्या उचलत होतीस. हातातली ताटली तू फार सावकाश खाली ठेवलीस.

मी थकले आहे, भिंगरी. हे सबब म्हणून लिहीत नाही, ते पुढच्या हिशेबात लागणार आहे म्हणून लिहिते. या वर्षी आमच्या विभागात दोन माणसं कमी झाली आणि इमारती तेवढ्याच राहिल्या. दिवसाला सात-आठ लिफ्ट तपासते. प्रत्येक ठिकाणी कोणीतरी घाईत असतं. "बाई, सही करा ना, चालतेय की लिफ्ट." घरी आले की वकिलाचे उलटतपासणीचे प्रश्न, नवऱ्याचं "अमुक कुठे आहे, तमुक कुठे आहे". त्याला घरातल्या वस्तू दिसतच नाहीत. मला विचारलं की दिसतात. हॉस्टेलवर तुम्ही माझं नाव मोजपट्टी ठेवलंत तेव्हा मला राग आला नव्हता, उलट बरं वाटलं होतं. पण मोजपट्टीला कोणी खाली ठेवत नाही, हे तेव्हा माहीत नव्हतं.

शिट्टीचा नियम माझाच. चार वर्षांपूर्वीची पहिली सहल आठव. पैलवान तेव्हा तीन वर्षांचा. चार मोठी माणसं त्याच्याभोवती आणि पठ्ठ्याने अर्धी साबणाची वडी खाल्ली. प्रत्येकाला वाटलं, दुसरा बघतोय. चौघं बघत होते म्हणजे कोणीच बघत नव्हतं. फेस काढत बसलेल्या पोराला मांडीवर घेऊन तू रडत होतीस आणि हसतही होतीस, आणि मी तेव्हाच्या तेव्हा कामावरची पद्धत लागू केली. लिफ्टच्या खड्ड्यात माणूस उतरण्याआधी वरचं बटण बंद करून त्यावर स्वतःचं कुलूप लावतो आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतो. खाली कोणी कितीही आरडाओरडा केला तरी ते कुलूप दुसऱ्याने काढायचं नाही. काम दुसऱ्याकडे द्यायचं तर तोंडाने सांगून द्यायचं, त्याने स्वतः बघून घ्यायचं, मग किल्ली. तशी आपली लाल शिट्टी. ज्याच्या गळ्यात शिट्टी, मुलं त्याची. देणाऱ्याने म्हणायचं "तीन दिली". घेणाऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी मोजून म्हणायचं "तीन घेतली". मास्तर किती चिडवायचे! "मुलं आहेत की मेंढ्या?" पण चार वर्षांत एकदाही चूक झाली नाही. मला त्याचा अभिमान होता, आणि तो मी लपवतही नव्हते.

आता चौथ्या आणि पाचव्या मुद्द्याच्या मधली ओळ.

तीन वाजता मी तीन मुलं मोजली आणि तुझ्याकडे बघितलं. आदल्या रात्री मुंगीच्या खोकल्याने तू झोपली नव्हतीस, हे मला माहीत होतं. तोंड थोडं उघडं, एक चप्पल पायात, एक बाजूला. घोरत होतीस, आता हेही लिहूनच टाकते. मला एवढंच हवं होतं की वीस मिनिटं मला कोणी काही विचारू नये. तुला उठवलं असतं तर तू लगेच उठली असतीस, "जा गं, बस जाऊन" म्हणाली असतीस. तू नेहमीच म्हणतेस. पण मग तू विचारलं असतंस, काय झालं, बरी आहेस ना, आणि मला तेही नको होतं. मी गळ्यातली शिट्टी काढली. वाकून तुझ्या गळ्यात घातली. केसांत अडकणार नाही अशी काळजी घेतली. आणि म्हणाले, "तीन दिली."

किती मोठ्याने म्हणाले, ते मला नीट आठवतं. तू जागी होणार नाहीस इतपत.

तू "हं" केलंस. झोपेतलं "हं" कसं असतं ते मला कळतं, तीन वर्षं तुझ्या शेजारच्या पलंगावर काढली आहेत. मी ते उत्तर म्हणून घेतलं. कामावर कोणी असं केलं असतं तर मी त्याला खोटी सही म्हटलं असतं आणि त्या माणसाला पुन्हा खड्ड्यात उतरू दिलं नसतं.

मग मी नळाच्या पुढे, चढावर, पंपघराशी गेले. भिंतीला पाठ लावून बसले. पंप चालू होता, त्याच्या घरघरीत दुसरं काही ऐकू येत नव्हतं, म्हणूनच ती जागा निवडली. मी काही विचार केला नाही. पावलं मोजली नाहीत, झाडं मोजली नाहीत. खूप दिवसांत इतकं बरं वाटलं नव्हतं. हे लिहिणं सगळ्यात अवघड आहे, पण ते खरं आहे. तीन वीसला उठून उतरायला लागले आणि वळणावर शिट्टी ऐकली.

पुढचं तुला माहीत आहे, पण तुझ्या बाजूने. तू कपड्यांसकट तळ्यात शिरलीस. मीही शिरले, कमरेपर्यंत. कुठे होतीस असं मला कोणी विचारलं नाही. मास्तर गाडीतून उतरले आणि पहिला प्रश्न, "शिट्टी कोणाकडे होती?" तुझा हात गळ्याकडे गेला. तू शिट्टीकडे असं बघितलंस जणू ती आत्ताच तिथे उगवली आहे. आणि म्हणालीस, "माझ्याकडे." तुला वाटलं, अर्धवट झोपेत घेतली असणार आणि विसरली असणार. अजूनही तुला तेच वाटतं. मी तुझ्यापासून तीन हातांवर उभी होते. माझ्या कपड्यांतून पाणी गळत होतं. मी काही बोलले नाही.

पंपघर मला तीन तेहतीसला आठवलं. तिकडे मी निघाले तीन अडतीसला. मधली पाच मिनिटं मी पुन्हा एकदा तंबू तपासले, जे आधीच दोनदा तपासून झाले होते. तिकडे शोधायला का जातेस, असं कोणी विचारलं तर काय सांगायचं, हे मला सुचत नव्हतं.

मुंगी भिंतीच्या पलीकडच्या बाजूला बसली होती. मी जिथे टेकले होते तिथून एक भिंत सोडून. रडून रडून थकली होती, पंपाच्या आवाजात ना तिचं रडणं मला ऐकू आलं, ना तुझी शिट्टी तिला. उचलून घेतली तर तिने माझ्या ओल्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि कानात म्हणाली, "मावशी, मी तुझ्यामागे येत होते. तू मागे बघितलंच नाहीस."

मी तिला कोणाला सांगू नकोस असं म्हटलं नाही. एवढं तरी केलं नाही. पण चार वर्षांच्या पोरीला कोण विचारणार? खाली आल्यावर तू तिला माझ्याकडून ओढून घेतलंस. मास्तर माझ्या पाया पडायचे बाकी राहिले. माझा नवरा म्हणाला, "बरं झालं, मोजपट्टी होती." आणि मी म्हणाले, "चहा ठेवते." दूध सांडलं, म्हणून कोराच केला.

परतताना गाडीत वकिलाला गप्प बसवेना. मागून म्हणाला, "आई, पोलीस झोपला होता, तर मग त्याला शिट्टी दिली कोणी?" त्याचा बाबा हसला. "झालं, सुरू याचं कोर्ट." मी खिडकीची काच खाली केली, वर केली. सहा वर्षांचा मुलगा जे विचारतो ते आपल्यापैकी एकाही मोठ्या माणसाला सुचू नये याचं मला आश्चर्य वाटत राहिलं. मग कळलं, कोणाला सुचलं नाही कारण नियम माझा होता. मोजपट्टी चुकेल असं कोणाच्या मनातही येत नाही. सहा आठवडे मी त्या विश्वासाच्या आड बसले आहे आणि तुला लोक उन्हात उभं करत आहेत.

खाई त्याला खवखवे म्हणतात. मला नुसतं खवखवत होतं तोवर मी गप्प राहिले, हेही लिहून ठेवते. सवय होईल असं वाटलं होतं. झालीही असती. पण तू नोकरी नाकारायला निघालीस. तू स्वतःला जी बाई समजते आहेस ती बाई त्या दुपारी तिथे नव्हतीच. तिथे एक दमलेली आई झोपली होती, तिला झोपायचा हक्क होता, कारण मुलं माझ्याकडे होती. तुला जाग आली तेव्हा, वकील सांगतो, तू सगळ्यात आधी मुलं मोजलीस. डोळे धड उघडायच्या आत. मापं तपासायला याहून चांगलं माणूस त्या साहेबांना मिळणार नाही. हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही, तसं मला येतही नाही. मोजून सांगते आहे.

म्हणून हे पत्र. फोनवर सांगितलं असतं तर तू मधेच "जाऊ दे गं" म्हणाली असतीस आणि मी ते उत्तर म्हणून घेतलं असतं, पुन्हा एकदा. जाऊ देऊ नकोस. तुला माझ्यावर चिडायचं असेल तर चीड, पुढची सहल माझ्याशिवाय करायची असेल तर कर, मी कारण विचारणार नाही. पण मास्तरांना आणि सासूबाईंना हे माझ्या तोंडून कळायला हवं, आणि तू प्रयोगशाळेला सोमवारी उत्तर द्यायच्या आधी कळायला हवं. शनिवारी सकाळी दहाला मी तुमच्याकडे येते. नवऱ्याला काल सांगितलं. तो म्हणाला, मी मुलाला सांभाळतो, तू जा. मी सांगेन तेव्हा तू त्या खोलीत असावीस की मुलांना घेऊन बाहेर जावंस, ते तू ठरव. दोन्हींपैकी काय, ते मला गुरुवारी संध्याकाळपर्यंत कळव.

तुझीच,
मोजपट्टी