शेवटची लकेर कुणाची?

ॲन आर्बर, ८ फेब्रुवारी २००५
ओडेसामावशी जाऊन पंधरवडा होत आला. घरमालकीण, कवयित्री, आणि माझं इथलं एकमेव हक्काचं माणूस. आज त्यांची भाची डेनिस आली, डेट्रॉइटहून. २६ला त्यांच्या आफ्रिकन-अमेरिकन चर्चमध्ये कार्यक्रम ठेवलाय, मावशींच्या कविता म्हणायच्या, मधे गाणी. मी म्हटलं, मावशींनी मला सांगून ठेवलं होतं, "तू पोळ्या लाटताना म्हणतेस ते जात्यावरचं गाणं मी गेल्यावर म्हण."
"कुणासमोर सांगितलं?" डेनिसनं विचारलं.
कुणासमोर काय! किचनमध्ये आम्ही दोघीच असायचो. ही भाडेकरू मधेच कुठून उपटली, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट. दिलेला शब्द मोडू कसा?

१२ फेब्रु.
रिहर्सल. डेनिस मावशींची आईवरची कविता म्हणत होती. छान म्हणते, मान्य. पण लोक मधेच "वेल!" "से इट!" ओरडतात. श्रद्धांजलीत? मग मी गायले तर सगळे चिडीचूप. ठरवूनच, दुसरं काय!
खाली उतरल्यावर डेनिस म्हणाली, "शब्द तुझे असतील, पण ही चाल आमची आहे. आंटी रविवारी मला फोनवर गुणगुणून दाखवायची. तू ती तिच्याकडून उचललीस."
अगं बाई! माझ्या आईचं गाणं, थेट साताऱ्याचं! डोकंच फिरलं.

१३ फेब्रु.
आईला फोन. म्हटलं, गा, टेप करते, त्या डेनिसला ऐकवते. आई म्हणाली, आधी तू म्हण बघू. म्हटलं.
"चाल आपलीच. पण शेवटी अशी वर कुठं जातेस? आपली ओवी खाली येऊन संपते."
"मी अशीच म्हणते."
"आधी नव्हतीस म्हणत."
तव्यावरची पोळी करपली. मावशी खुर्चीत बसून माझ्याबरोबर गुणगुणायच्या, शेवटी सूर वर न्यायच्या. ते माझ्या गळ्यात कधी...
टेप केलंच नाही.

२० फेब्रु.
डेनिसला सांगावं? म्हणेल, बघ, मी म्हटलं नव्हतं? कार्यक्रमातून कटाप. तेवढ्यात तिचाच फोन. "गा. पण मी बरोबर गाणार." नजर ठेवायला! हो म्हटलं. सांगितलं काहीच नाही. लाज वाटतेय.

२६ फेब्रु.
गायले. मागून कुणीतरी "वेल!" म्हणालं, ती त्यांची दाद हे आत्ता कळलं, आणि मला भरूनच आलं. शेवटच्या ओळीला मी आईसारखी खाली उतरले, थांबले. डेनिस एकटी वर गेली, थेट मावशींसारखी.
नंतर कोट घालताना गाठलंच तिनं. "ती जागा का सोडलीस?"
"ती तुमची. मावशींची."
"आणि बाकीचं?"
"माझ्या आईचं."
तिला पटलं नसावं. मग म्हणाली, "उद्या येते. तुझ्या आईला फोन लाव. मला ऐकायचंय."
तपासायला येतेय की शिकायला, देव जाणे. कणीक जरा जास्त भिजवीन. मावशींच्या खुर्चीवर तिला बसू द्यायचं का, ते अजून ठरत नाहीये.