आमच्या अंगणावरचं आभाळ कुणाचं

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (हा कागदावरचाच समज. प्रत्यक्ष घालायचा म्हटला तर आठांपैकी पाचच अंगं सध्या जमिनीला टेकतील. बाकीची तीन ताडपत्रीखाली आली होती, ते पुढे येईलच.) तुझे गुडघे, भाऊजींचा खोकला आणि भाऊजींच्या गाडीचा खोकला, सगळं आटोक्यात असेल अशी आशा आहे. मागे फोनवर तू विचारलंस, तुम्ही नवराबायको हल्ली कुजबुजत का बोलता. तेव्हा सांगता आलं नाही, कारण आम्ही अंगणात होतो आणि डोक्यावर कुणीतरी होतं. म्हणून हे सविस्तर पत्र.

सुरुवात झाली सायकलीपासून. पोरगी नोकरीला परगावी गेली आणि तिची सायकल जिन्याखाली धूळ खात राहिली. एका रविवारी हिनं ती बाहेर काढली, पुसली, चाकांत हवा भरून आणली आणि मला म्हणाली, मला ही शिकायची आहे. आता तुला माहीतच आहे, ही शाळेची मुख्याध्यापिका. ही व्हरांड्यातून निघाली की वरच्या मजल्यावरचा गोंगाटसुद्धा खाली बसतो. अशा बाईनं भर रस्त्यात धडपडायचं म्हणजे पोरांना आयुष्यभर पुरेल इतकी करमणूक. म्हणून अटी ठरल्या. शिकायचं ते मागच्या अंगणात, जिथं भिंती पुरुषभर उंच आहेत. दाराला आतून कडी. आणि कुणाला म्हणजे कुणाला कळता कामा नये. (यात तूही आलीस. आता तुला सांगायची परवानगी मिळाली आहे.)

गुरू म्हणून माझी नेमणूक झाली. अर्ध्या गावाला मी मोटार शिकवली आहे, तेव्हा त्यात गैर काही नव्हतं. पण आमच्या शिकवायच्या गाडीत मास्तरच्या पायाशीही एक ब्रेक असतो आणि इतक्या वर्षांनी माझा उजवा पाय त्याच्यावाचून राहू शकत नाही. सायकलीला असला ब्रेक नाही. मी मागून सीट धरून पळायचो आणि ही भिंतीजवळ गेली की माझा पाय आपोआप जमिनीवर दाबला जायचा. त्यामुळे मी पळत कमी आणि लंगडत जास्त होतो. सवयीनं मी "आरशात बघा" असंही ओरडायचो. सायकलीला आरसा नाही, हे ही पडता पडता मला शांतपणे सांगायची. हिच्या अंगात माझी जुनी पँट, तिच्या पायांना भाजीच्या जुडीची रबरं. आम्ही दोघं फार मजेत होतो, ताई. इतकी वर्षं संसार केला, पण अंगणात एकमेकांच्या मागे पळालो नव्हतो.

एका सकाळी मिक्सर चालू झाल्यासारखा आवाज आला. मला वाटलं, शेजारीण चटणी वाटते आहे. मग अंगणात सावली सरकली. वर बघतो तर उलटं टाकलेलं स्टूल हवेत उभं आणि त्याच्या पोटाखाली एक काळा डोळा. ही तिथल्या तिथे उतरली. सायकल कुणा विद्यार्थ्याकडून जप्त केली आहे अशा थाटात धरून वाळत घातलेल्या चादरीआड जाऊन उभी राहिली. ते स्टूल जरा खाली आलं, चादरीकडे बघितल्यासारखं केलं आणि निघून गेलं.

चौकशी केली तेव्हा कळलं की आपल्या भिंतीमागचा मोकळा प्लॉट विक्रीला निघाला आहे आणि विकणारा दलाल ड्रोन उडवून वरून त्याचं चित्रण करतो आहे. हा मनुष्य सावलीतही काळा चष्मा काढत नाही, म्हणून गल्लीत त्याला गॉगल म्हणतात. प्लॉट त्याला दाखवायचा होता, पण यंत्राला आपली भिंत कळत नव्हती, की कळूनही वळत नव्हती, देव जाणे. रोज सकाळी स्टूल हजर.

मी पोलीस चौकीत गेलो. हवालदार माझाच जुना विद्यार्थी निघेल अशी आशा होती, पण तो दुसऱ्या ड्रायव्हिंग स्कूलचा निघाला. (गिअर टाकताना अजून खाली बघतो म्हणे.) त्यानं विचारलं, घरात शिरला का? म्हटलं, नाही, वर थांबतो. किती वर? म्हटलं, पाण्याच्या टाकीच्या वर. मग त्यानं पेन खाली ठेवलं.

"काका, काही तोडफोड, चोरी?"

"नाही. पण आमच्या अंगणात बघतो."

"अंगणात काय असतं?"

"काही नसतं. आम्ही दोघं असतो."

"दार बंद करून?"

"हो."

"काय करता?"

आता हिला शब्द दिलेला. मी म्हणालो, ते सांगता येणार नाही. हवालदारानं माझ्याकडे बघितलं, माझ्या लंगडण्याकडे बघितलं, आणि या वयात जपून राहा असा सल्ला दिला. तक्रार लिहून घेतली, पण ती लिहिताना तो ज्या तऱ्हेनं खाली मान घालून हसत होता, त्यावरून तिचं पुढे काही होईल असं वाटेना. तेव्हा म्हटलं, आपला हात जगन्नाथ.

हार्डवेअरच्या दुकानातून अंगणाएवढी निळी ताडपत्री आणली. एक टोक नळाच्या पाइपाला, एक खिडकीच्या गजाला, बाकीची दोन भिंतीवरच्या खिळ्यांना बांधली. मधून ती पोटासारखी खाली लोंबायला लागली म्हणून मधोमध एक बांबू उभा केला. काम झाल्यावर मी हिला म्हणालो, आता परमेश्वरालासुद्धा दिसणार नाही. दुसऱ्या दिवशी ही सायकलीवर बसली. सगळं अंगण मोकळं होतं आणि मध्ये एकच बांबू होता. ताई, शिकाऊ माणसाला जे टाळायला सांगावं तिकडेच त्याची गाडी जाते, हे मी हजारदा पाहिलं आहे. तरी मी ओरडलो, "बांबू सांभाळ." ही सरळ बांबूवर. पुढचं काही आम्हाला दिसलं नाही. निळ्या अंधारात मी हिला विचारलं, लागलं का? ही म्हणाली, तुमचा पाय माझ्या पाठीवर आहे आणि तुम्ही ब्रेक दाबताय.

वर मिक्सर चालूच होता.

त्या आठवड्यात शाळेतल्या क्लार्कनं हिला विचारलं, मॅडम, तुमच्या मागचा प्लॉट केवढ्याला जाईल हो? मी व्हिडिओ बघितला, फार छान आहे. एवढंच म्हणाला, पण म्हणताना त्याचे ओठ एका बाजूला गेले होते. ही घरी आली, सायकल जिन्याखाली नेली आणि तिच्यावर जुनी चादर टाकली. त्यानंतर ही अंगणात गेलीच नाही. कपडे बैठकीच्या खोलीत वाळायला लागले. मी विषय काढला की म्हणायची, हौस होती, फिटली. शाळेत हिचा आवाज कमी झाला, असंही कानावर आलं. तिथे माझं डोकं फिरलं.

मी गॉगलच्या ऑफिसात गेलो. तिथं मोठ्या पडद्यावर तोच व्हिडिओ चालला होता आणि एक गिऱ्हाईक जोडपं चहा पीत बघत होतं. प्लॉट, मग आपली भिंत, मग निळ्या ताडपत्रीखाली हलणारे दोन उंचवटे. वर निवेदन, "शांत, कौटुंबिक परिसर." मी जे बोलायचं ठरवून गेलो होतो ते सगळं विसरलो. एवढंच म्हणालो, हे माझं घर आहे. गॉगल उठून उभा राहिला, मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाला, काका, तुमच्यामुळेच चौकशा वाढल्यात. लोकांना शेजार आवडतोय. आणि तसं बघितलं तर आभाळ कुणाच्या मालकीचं असतं? मी चहा पिऊन परत आलो. (चहा वाईट होता.)

घरी सगळं सांगितलं. मला वाटलं, ही रडेल. हिनं शाळेत नेसते तशी इस्त्रीची साडी नेसली, चष्मा पुसला आणि म्हणाली, चला.

ऑफिसात गेल्यावर ही पडद्यासमोरच्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, लावा. गॉगलनं लावला. ही पेपर तपासायला बसल्यासारखी बघत होती. ताडपत्रीच्या आधीचा, स्टूल आमच्या लक्षात येण्याच्याही आधी फार वरून टिपलेला एक तुकडा आला. ही सायकलीवर, मी मागे. ही म्हणाली, मागे घ्या. पुन्हा लावा. त्यानं पुन्हा लावला. मग तिसऱ्यांदा. तेव्हा मला कळलं, ही काय बघते आहे. त्या तुकड्यात मी नळापाशी सीट सोडून दिली आहे आणि कमरेवर हात ठेवून उभा आहे. ही एकटीच भिंतीला वळसा घालून अख्खी फेरी मारून येते. मग मागे वळून बघते, तिथं मी नाही, आणि पडते. आम्हाला शिकवणाऱ्यांना ही सवय असते, सोडल्याचं सांगायचं नाही. पण ही पडल्यावर मला वाटलं, आता सांगितलं तर चिडेल, म्हणून मी गप्पच बसलो होतो.

ही माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही सोडलं होतं?"

म्हटलं, "हो."

"मला येते?"

म्हटलं, "कधीची."

ही खुर्चीतून उठली. मग गॉगलकडे वळली आणि त्यानं आपण होऊन चष्मा काढला. (त्याचे डोळे अगदी साधे आहेत, बिचाऱ्याचे.) ही म्हणाली, "याची एक प्रत मला द्या आणि तुमच्याकडची पुसून टाका. उद्यापासून मी रस्त्यावर चालवणार आहे. तिथं बघा, हसा, काय हवं ते करा. पण अंगणात मी पडते ते कुणी बघायचं, हे मी ठरवणार. आभाळ तुमचं असेल, पडणं माझं आहे."

त्यानं आमच्यादेखत पुसलं. हिनं ते दोनदा तपासलं. स्टूल तेव्हापासून प्लॉटच्याच हद्दीत उडतं. भिंतीजवळ आलं की दचकून मागे फिरतं, असं मला तरी वाटतं.

ही आता सायकलीनं शाळेत जाते. पहिल्या दिवशी फाटकात पोरं हसायला तयार होऊन उभी होती म्हणे. ही घंटी वाजवत मधून गेली आणि पोरांनी रांग केली. आवाज पूर्ववत आहे. कपडे अंगणात वाळतात.

भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ

ता.क. ताडपत्री जवळजवळ नवीच आहे, एक भोक सोडलं तर. हवी असल्यास कळव.

ता.क. पुन्हा. ही म्हणते, आता संध्याकाळी दोघं मिळून जात जाऊ, तुमच्यासाठीही एक सायकल घेऊ. मी हो म्हणून बसलो आहे. ताई, तू कुणाला सांगणार नाहीस म्हणून लिहितो, मला सायकल येत नाही. लहानपणी राहिली ती राहिलीच, मग एकदम चारचाकीच हातात आली. तुझ्या घरामागे मोठं आवार आहे. आठवडाभर येऊन राहतो. भाऊजींच्या गाडीचा खोकला बघायला आलो आहे, असं सगळ्यांना सांग. सीट धरायला मात्र तूच ये, गुडघे सांभाळून.

ता.क. शेवटचं. तिकडे आसपास कुठला प्लॉट विकायला निघाला आहे का, ते आधी बघून कळव. त्याशिवाय मी तिकीट काढत नाही.