कौको अजून जिवंत आहे

हॅनकॉक, मिशिगन
६ ऑक्टोबर

ती. लेम्पीताईस,
रेइनोचा शि. सा. न. वि. वि.

मी बरा आहे. गुडघा आहे तसाच आहे. मेलला उत्तर येत नाही म्हणून तू काळजीत असशील, तर काळजी करू नकोस. इंटरनेटची वायर मीच भिंतीतून काढली आहे आणि भोकावर चिकटपट्टी लावली आहे. आता जे कळवायचं ते टपालाने. फोनचा उपयोग नाही. तुला ऐकू येत नाही, आणि मी ओरडायला लागलो की शेजारच्या हेइक्किनेनबाई पडदा सरकवून बघतात.

कारण असं की आपल्या कॉम्प्युटरवरच्या राजांच्या खेळाला नवा विस्तार येतो आहे. विस्तार आला की खेळ आपोआप नवा होतो आणि जुना चालू डाव मग उघडत नाही, हे तुझ्या नातीने, सारानेच मागे सांगितलं होतं. आपण दोघांनी एवढा जपलेला डाव, एक राजा मी खेळायचा, तो मेला की पेनड्राइव्ह तुला, तुझा मेला की मला, असं करत करत चार झोपड्यांच्या टोळीचं अर्धं फिनलंड केलं. ते एका सकाळी उठून नाहीसं झालेलं मला बघवणार नाही.

माझा टोळीप्रमुख कौको आता अडुसष्ट वर्षांचा आहे. त्याला मी शिकारीला जाऊ देत नाही, घोड्यावर बसू देत नाही, परक्याच्या मेजवानीला तर मुळीच नाही. तो मेला की जमीन त्याच्या दोन मुलांत वाटली जाणार, दोघे वेगळे होणार आणि तुझ्या हाती अर्धीच येणार. डोक्यावर मुकुट असता तर धाकटा थोरल्याच्या हाताखाली राहिला असता. पण मुकुटासाठी तुर्कूचा किनारा लागतो आणि तिथे तो स्वीडिश सरदार बसला आहे, आपल्या दीडपट सैन्य घेऊन.

कंपनीने विस्ताराचं एक चित्र टाकलं होतं ते वायर काढायच्या आधी मी पाहिलं. पांढऱ्यावर वाकलेल्या लाकडाचा एक तुकडा दिसतो, बाकी काही नाही. मला ती बर्फावरची घसरगाडी वाटते. म्हणजे खराखुरा हिवाळा येणार. खेळणाऱ्यांच्या फोरमवर काय म्हणतात ते लिही.

माया आहे तशी राहू दे, आणि घाई करू नकोस.

तुझा
रेइनो

थंडर बे, ओंटारियो
१५ ऑक्टोबर

चि. रेइनोस,
ताईचे अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मी इतकी हसले की सारा स्वयंपाकघरातून धावत आली. तिला वाटलं घास अडकला. वायर काढून चिकटपट्टी लावणारा माणूस मी याआधी पाहिला नव्हता. भोकातून खेळ गळून जाईल असं वाटलं का तुला?

फोरमवर नुसता गोंधळ आहे. तुझी घसरगाडी म्हणणारे पाच-सहा आहेत, बहुतेक आपलेच फिनिश लोक असणार. बाकीच्यांना ते जहाजाचं नाक वाटतं. एकाने त्या लाकडाच्या रेषा मोजून लांबलचक लेख लिहिला आहे आणि दुसऱ्याने त्याला खाली विचारलं आहे की तू नोकरी वगैरे करतोस का. माझंही मत जहाजाचंच. समुद्र आणि व्यापार येणार. मग आपली खारींची कातडी सोन्याच्या भावाने जातील आणि मी तुझ्या त्या सरदाराचं सैन्यच विकत घेईन. सारा म्हणते तो पाळणा आहे. तिच्या मैत्रिणीला बाळ झाल्यापासून तिला सगळीकडे पाळणेच दिसतात.

पण माझं खरं दुखणं वेगळं आहे. गेल्या ईस्टरला मी तुला डाव पाठवला. तेव्हा कौको मिसरूड फुटलेला पोरगा होता, आणि आता तू त्याला लोकरीत गुंडाळून शेकोटीपाशी बसवून ठेवला आहेस. अरे, आपला नियम आहे की राजा मेल्याशिवाय डाव पुढे जायचा नाही. तुझा म्हातारा मरत नाही आणि इकडे माझं वय ब्याऐंशी झालं. मी राज्य करायचं कधी?

थिंबलबेरीचा जॅम मिळाला. बरणी धुऊन ठेवली आहे, ती रिकामी परत येणार नाही एवढं समज.

अंगात जाड कपडे घाल. इथे ओढ लागलेली असते, हे विसरू नकोस.

तुझी
ताई

हॅनकॉक
२४ ऑक्टोबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल पहिला बर्फ पडला. छपरावर चढायचं की नाही याचा विचार करत मी दुपारपर्यंत खिडकीत बसलो, तेवढ्यात तो वितळला.

जहाजाचं नाक असं वाकत नाही. मी आठवीनंतर शाळा सोडून लाकूडतोडीला जंगलात गेलो, पुस्तकातलं मला कळत नाही, पण लाकूड कळतं. ते वाफेवर वाकवलेलं आहे आणि खाली घासून गुळगुळीत झालेलं आहे. आई दूध घेऊन जायची ती घसरगाडी आठव. मात्र हिवाळा आला तर मोठी पंचाईत. गोठलेल्या समुद्रावरून तो सरदार सरळ आपल्या दारात येईल. आणि व्यापार आला तरी पंचाईतच, जहाजातून रोगराई येते. पोपचा विस्तार आला तर ते आपल्याला बाटवायला येतील. मी सगळ्या बाजूंनी विचार करून पाहिला, एकही विस्तार आपल्या सोयीचा नाही. फक्त वारसाचा कायदा सुधारला तर बरं होईल. म्हाताऱ्याने जिवंतपणीच लिहून ठेवावं कोणाला काय, आणि तसंच व्हावं, एवढंच मला हवं आहे. तू म्हणशील की विस्तार आला तर डाव बुडतो म्हणून रडतोस आणि विस्तार हवा म्हणूनही रडतोस. तसंच आहे, काय करू.

तुझ्या वयाचं लिहिलंस ते मला बरं वाटलं नाही. दोन रात्री मी नीट झोपलो नाही. लहानपणी सौनाच्या, त्या वाफेच्या न्हाणीच्या भिंतीवर आपण कोळशाने नकाशा काढायचो आणि तू दरवेळी राणी व्हायचीस, कारण कोळसा तुझ्या हातात असायचा. मग तू लग्न होऊन सरोवरापलीकडे गेलीस आणि बाबांनी चाळीसच्या चाळीस एकर माझ्या नावावर केले. तू एक शब्द बोलली नाहीस. सौनातला पाणी घालायचा तांब्याचा डाव तेवढा मागून नेलास.

कौकोची एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. दोन मुलांच्या आधी त्याला एक मुलगी झाली होती. तिचं नाव मी लेम्पी ठेवलं आहे. ती हुशार आहे आणि भांडखोर आहे. कायद्याने तिला काहीच मिळत नाही.

जपून राहा, आणि माझ्यावर रागावू नकोस.

तुझा
रेइनो

थंडर बे
२ नोव्हेंबर

चि. रेइनोस,
अ. उ. आ.

खाली बस आणि मग वाच. घोषणा झाली.

तो पाळणा आहे. पांढरं दिसत होतं ते बर्फ नव्हे, चादर आहे. सारा दोन दिवस घरभर मिरवते आहे. तू लाकडाचं सांगितलंस ते बरोबर निघालं, वाफेवरच वाकवलेलं आहे, फक्त ते गाडीचं नाही. विस्तार आहे वारसाहक्काचा. मृत्युपत्र, वाटण्या, कोणाला काय द्यायचं ते म्हाताऱ्याने जिवंतपणी ठरवायचं. अगदी तू मागितलंस तेच. आणि जुने डाव त्यात उघडणार नाहीत, हेही त्यांनी स्वच्छ लिहिलं आहे. म्हणजे जे हवं ते मिळालं आणि आपल्या कौकोच्या काही कामाचं नाही. फोरमवरचा तो रेषा मोजणारा आता म्हणतो की त्याला पाळणा पहिल्यापासून माहीत होता.

विस्तार या महिन्याच्या पंचवीस तारखेला येतो आहे. तू वायर काढून बसला आहेस खरा, पण माझ्याकडे वायर जागेवरच आहे. त्याआधी माझी राणी गादीवर बसली तर ठीक, नाहीतर बसलीच नाही. आता तुझ्या हिवाळ्याची आणि माझ्या जहाजांची चर्चा पुरे. त्या म्हाताऱ्याला घोड्यावर बसव.

मुलीचं नाव वाचलं. तांब्याचा डाव अजून आहे, शनिवारी सौनात त्यानेच तापल्या दगडांवर पाणी घालते.

हिंमत धर. माझी माया तुझ्या पाठीशी आहे आणि मीही, सरोवर मध्ये असलं तरी.

तुझी
ताई

हॅनकॉक
१० नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्रासोबत पेनड्राइव्ह आहे. लोकरीच्या मोज्यात घातला आहे, मोजा तुझाच आहे, गेल्या ख्रिसमसला राहिला होता.

कौको गेला.

सगळं क्रमाने सांगतो. तुझं पत्र आल्यावर मी आधी वेलदोड्याची पोळी भाजून घेतली. मग कायदा बदलला. थोरलं मूल वारस, मुलगा असो की मुलगी. त्यासाठी कौकोने आयुष्यभर कमावलेला सगळा मान खर्ची पडला आणि दोन्ही मुलगे त्याच्याशी बोलेनासे झाले. मग युद्ध पुकारलं. सैन्य कमी होतं म्हणून मी थंडीची वाट पाहिली आणि सरदाराला आत दलदलीत येऊ दिलं. तिथे त्याची माणसं उपाशी मरायला लागली. मी इकडे खुर्चीत बसून घामाघूम झालो होतो. हेइक्किनेनबाई मांस-बटाटा भरलेल्या पॅस्टी घेऊन आल्या होत्या, त्यांनी विचारलं की कोणी आजारी आहे का. मी सांगितलं की आमचा म्हातारा लढाईला गेला आहे. त्या पॅस्टी ठेवून लगेच निघून गेल्या.

तुर्कू पडलं. कौकोच्या डोक्यावर मुकुट ठेवला तेव्हा त्याला बहात्तरावं लागलं होतं आणि बरगडीत जखम होती. तो वसंतापर्यंत राजा होता. मी त्याला लोकरीत गुंडाळलं नाही. त्याने अस्वलाच्या शिकारीला जायचं म्हटलं, मी हो म्हटलं. अस्वलाने काही केलं नाही, परत येताना तो घोड्यावरच गेला.

जमीन वाटली गेली नाही. दोघे भाऊ बहिणीच्या हाताखाली आहेत, कुरकुरत आहेत, पण आहेत. पूर्ण फिनलंड तुझं आहे ताई. या वेळी वाटणी मी केली.

पाकीट वेळेत पोचावं. सरोवरावर वादळ सांगितलं आहे. माझ्या जिवाला घोर लागला आहे. मिळाल्याबरोबर कळव.

तुझ्या मायेवरच माझं चाललं आहे.

तुझा
रेइनो

थंडर बे
२८ नोव्हेंबर

चि. रेइनोस,
राणी लेम्पीचे अ. उ. आ.

तुझं पाकीट सव्वीस तारखेला मिळालं. म्हणजे विस्तार आधी आला आणि कौको मागून. थांब, छातीला हात लावू नकोस. डाव उघडला आहे.

खेळाच्या सेटिंगमध्ये एका ठिकाणी जुनी आवृत्ती निवडता येते. साराने दोन मिनिटांत निवडून दिली. नवा विस्तार बाजूला, आपला डाव जसाच्या तसा. हे तिने मला घोषणेच्या दिवशीच सांगितलं होतं. मी तुला कळवलं नाही. कळवलं असतं तर कौको आजही शेकोटीपाशी बसून सूप पीत असता आणि तू गोठलेल्या समुद्राची काळजी करत असतास. रागव हवं तर. दोन दिवस रागव आणि मग वायर जोड. घाईने जोडली नाहीस तरी चालेल, पत्रं छान लिहितोस तू.

मुकुट पाहिला. बराच वेळ पाहिला. साराने विचारलं की खेळ अडकला आहे का.

आता राज्याची हकीकत. भावांना मी मेजवानीला बोलावून खूश केलं आहे. राणीला मुलगा झाला आहे, त्याचं नाव रेइनो. खेळाने त्याला जन्मतःच भित्रा स्वभाव दिला आहे. यात माझा काही हात नाही, साराला विचार.

फोरमवर पुढच्या विस्ताराची चर्चा सुरूही झाली. नवं चित्र अजून नाही, तरी भांडणं आहेत. मी तुझ्या वतीने हिवाळा लिहून टाकला आहे.

बरणी सोबत आहे, तिच्यात नाकातोंडात जाईल इतकी दालचिनी घातलेले टोस्ट आहेत. आणि एक सांगून ठेवते. पुढची पाळी तुझी, पण तिची फार वाट पाहू नकोस. राणी फक्त एकोणचाळीस वर्षांची आहे. शिकारीला जात नाही, घोड्यावर बसत नाही, आणि कालच मी तिच्यासाठी लोकर मागवली.

आपली पत्रं आणि आपली माया, दोन्ही चालू राहू देत.

तुझी
ताई