पायाळूचे हात

साखरखेर्डा
९ नोव्हेंबर २०२४

चि. मंजुश्रीस,
जय भीम आणि आशीर्वाद.

हे उभ्याने लिहितो आहे. खिडकीच्या कट्ट्यावर कागद, एक हात गजाला. बसलो की कंबरेतून डाव्या पायात कळ जाते, म्हणून बसत नाही. अक्षर वाकडं आलं तर खिडकीला दोष दे. फोनवर मला ऐकू येत नाही, आणि तू ओरडलीस की शेजारच्या शेषरावला सगळं कळतं. तेव्हा पत्रच बरं.

परवा बादली उचलायला वाकलो आणि वाकलेलाच राहिलो. तुझ्या आईने सरळ केलं. तिला हसू आवरत नव्हतं. म्हणे, एकतीस वर्षं पोरायले अंगठे धराले लावले, आता तुमची बारी.

काळजी करू नकोस. हर्षलच्या मेडिकलमधून गोळ्या आणतो. सकाळी एक, संध्याकाळी एक, लांब चालायचं असेल तर आणखी एक. दोन वर्षं त्यांच्यावरच गाडी चालू आहे. आई म्हणते मंजूला दाखवा. मी म्हणालो, ती कामात असते.

शेषराव गावात सांगतो की मास्तरची पोरगी पुण्यात लोकांच्या कमरा चोळते. मी विषय बदलतो.

उत्तर लवकर टाक. वाट पाहणारा सध्या उभाच आहे.

तुझा बाबा,
किसनराव


पुणे
१७ नोव्हेंबर २०२४

ती. बाबांस,
सविनय जय भीम. वि. वि.

दोन वर्षं? मला तुम्ही आठवडाभराचं सांगितलं होतं. बाबा, ती गोळी दुखणं दाबते, आणि अशी रोज घेतली तर किडन्या खाते. तुम्हाला रक्तदाबही आहे. आजच बंद करा आणि डॉक्टरांकडे जाऊन रक्त तपासून घ्या. मग तीन आठवडे माझ्याकडे या. मी चोळत नाही. आधी तपासते, मग हातांनी सांधे आणि स्नायू मोकळे करते, मग व्यायाम शिकवते. पुष्कळांचं एवढ्यावर भागतं. सगळ्यांचं भागत नाही, हेही सांगते.

तुम्ही का टाळता ते मला ठाऊक आहे. मी पायाळू. जन्मताना माझे पाय आधी आले, म्हणून माझा पाय लागला की कंबरेतली उसण उतरते, असं गाव म्हणायचं. मी सहा वर्षांची होते. सकाळी माणसं आपल्या अंगणात येऊन पालथी पडायची आणि मी डाव्या पायाने तीनदा त्यांच्या कंबरेला शिवायची. आपल्या घरचं पाणी न पिणारे हिंमतरावही एकदा येऊन पडले. तुम्ही सायकल काढत होतात. ती तशीच टाकलीत, मला त्यांच्या पाठीवरून उचललंत आणि म्हणालात की या पोरीचे पाय शाळेत जायला आहेत. त्यानंतर अंगणात कुणी आलं नाही. हे मी माझ्या विद्यार्थ्यांना दर वर्षी सांगते.

पण हे हात म्हणजे ते पाय नव्हेत.

आईला नमस्कार. रागावलात तरी चालेल, पण या.

तुमची,
मंजुश्री


साखरखेर्डा
२६ नोव्हेंबर २०२४

चि. मंजुश्रीस,
जय भीम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. गोळ्या बंद केल्या आहेत. आता तो विषय नको.

बाकीचं असं. मी विज्ञान शिकवलं. गोळीच्या पाकिटावर आत काय आहे आणि किती आहे ते छापलेलं असतं. हातात किती मिलिग्रॅम असतं? नुसत्या शिवण्याने बरं करतो म्हणणाऱ्यांशी मी जन्मभर भांडलो, त्यांत आपले नातलगही होते. तुझं एमबीबीएस थोडक्यात हुकलं, त्याबद्दल मी तुला कधी बोललो नाही. पण नंतर तू फिजिओथेरपी घेतलीस ते कळलं तेव्हा वाटलं, ज्या अंगणातून मी तुला उचललं तिथेच तू पदवी घेऊन परत जाऊन बसलीस. वाटलं ते लिहिलं.

नाताळात ये. हुरडा तयार होईल. पाठीचं सोडून कशावरही बोलू.

तुझा,
बाबा


साखरखेर्डा
२ मार्च २०२५

प्रिय मंजूले,
आईचा जय भीम.

मी लिहून राह्यली हे तुह्या बाबाले माहीत नाही. पायावर सूज आली, जेवण जाईना, म्हणून बुलढाण्याले नेलं. डाक्टर म्हणे दोन्ही किडन्या गेल्या. आता आठवड्यातून दोन खेपा मशीनवर रक्त साफ करा लागते. गोळ्या त्यायनं बंद केल्याच नव्हत्या. फळीवरच्या विज्ञानाच्या पुस्तकायमागं पाकिटं सापडली. मी चुलीत टाकली.

दुखण्याची ते गोळी आता डाक्टरनं पार बंद केली. जे चालते तिनं भागत नाही. मशीनवर चार तास उताणं पडा लागते आन् हे दीड तासात कंबर धरून उठतेत. डाक्टर म्हणे असं अर्ध्यात उठले तर रक्त अर्धंच साफ होते, असं लय दिवस निभणार नाही. यायले विचारलं तर म्हणतेत मले पडवत नाही, मी काय करू.

काल हिंमतराव भेटाले आले. पाणी मागून पेले. मंग म्हणे, मास्तर, पोरीले बोलवा, पाय लावू द्या. हे हसले. महिन्यात पयल्यांदा हसले. मंग भिंतीकडं तोंड फिरवलं ते सांजेपर्यंत.

नाताळात गेली तवापासून तू काऊन येत नाही, ते मी विचारत नाही. पण ये.

तुही आई,
धम्मशीला


पुणे
८ मार्च २०२५

ती. बाबांस,
सविनय जय भीम.

गुरुवारी पोहोचते. त्याआधी एक लिहायचं आहे. तुमच्या कानाशी ओरडून सांगण्यासारखं ते नाही.

नाताळात फळीवरून पुस्तक काढताना मी पाकीट पाहिलं होतं. नवं, अर्धं संपलेलं. मी ते पुन्हा मागे सरकवलं. आदल्या दिवशी तुम्ही कुशीवर पडला होतात, मी पाठीवर हात ठेवला आणि तुम्ही भिंतीकडे सरकलात. मला राग होता. मनात म्हटलं, माझा हात नको ना, मग घ्या गोळ्या. अगदी याच शब्दांत म्हटलं. रोज पेशंटांना बजावणारी मी. त्याला आता दहा आठवडे झाले.

माझ्या हातांनी किडन्या परत येणार नाहीत. चार तास पडून राहता येईल का, एवढंच बघणार आहे. येईलच असंही म्हणत नाही. तुमच्या डॉक्टरांशी फोनवर बोलले, त्यांची हरकत नाही. तुमची असेल तर तोंडावर सांगा. तोवर मी आईच्या हातच्या भाकरी खाईन.

तुमची,
मंजुश्री


साखरखेर्डा
६ एप्रिल २०२५

चि. मंजुश्रीस,
जय भीम आणि आशीर्वाद.

तू गेल्याला आठवडा झाला. खुर्चीत बसून लिहितो आहे. पाठीमागे तू गुंडाळून दिलेला टॉवेल आहे. अर्ध्या तासाने उठावं लागतं.

पहिल्या दिवशी मी पालथा पडलो आणि डोळे मिटले. हात लागेना. मान वळवून पाहिलं तर तू वहीत लिहीत होतीस. कधीपासून, कुठे, वाकलं की वाढतं की ताठ झालं की, दहापैकी किती. मग गुडघ्यावर हातोडी. मग हात. मग पुन्हा वाकायला लावलंस आणि पुन्हा लिहिलंस. चौथ्या दिवशी एक पकड उपयोगाची नाही म्हणून सोडून दिलीस. अंगणात पालथ्या पडलेल्या माणसाला कुणी काही विचारत नसे. हर्षलनेही मला काही विचारलं नव्हतं. मी फक्त गोळीचं नाव सांगायचो.

निरीक्षण, नोंद, पडताळा. सातवीच्या फळ्यावर दर जूनला मी हे लिहायचो. ते तू पुण्यात रोज करत होतीस आणि मी एकदाही विचारलं नाही की तू नेमकं काय करतेस.

पाकिटाबद्दल. ते तू मागे सरकवलंस, पण तिथे ठेवलं मी होतं. हे लक्षात ठेव. आणि नाताळात तू हात ठेवलास तेव्हा बरं वाटलं होतं. म्हणूनच सरकलो.

शेषरावला सांगितलं की ती चोळत नाही. मग काय करते ते समजावताना दुपार गेली. शेवटी म्हणाला, मंग माही बी कंबर लिहून घे म्हणा वहीत.

व्यायाम तीन वेळा करतो. तुझी आई समोर बसून अंगठे धरायला सांगते आणि तूरडाळ निवडते.

आतापर्यंत मशीनवर जास्तीत जास्त तीन तास पडलो. उद्या पुन्हा आहे.

माझं वागणं पाहून तुझी माया ठरत नाही, हे कळलं. तशीच राहू दे.

तुझा,
बाबा

ता. क. पत्र काल टाकायचं राहिलं, बुलढाण्यातून टाकतो आहे. आज सकाळी पावणेसातच्या बसने निघालो. चिखलीपर्यंत उभा होतो, पुढे जागा मिळाली. साडेनऊला मशीन लावलं, दीडला काढलं. मध्ये उठलो नाही.